शिराझच्या ग्लासातलं मिरं

लव्हाळा उपटता उपटता शेतकऱ्याच्या कमरेचा काटा ढिला होतो. वरचं पातं हाती येतं, जमिनीतली गाठ तशीच राहते आणि चार दिवसांत पुन्हा कोंब वर. याच गाठी वाळल्या की त्यांचा नागरमोथा होतो आणि दिवाळीच्या उटण्यात मानानं जाऊन बसतो. १९६७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींच्या तेलातला एक रेणू नोंदवला. रोटंडोन हे त्याचं नाव. पुढची चाळीस वर्षं त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही.

मग ऑस्ट्रेलियात एक शोध सुरू झाला. शिराझ द्राक्षाच्या रेड वाइनला मिऱ्यांचा वास येतो, हे चाखणारे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. पण तो येतो कशामुळे? ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उत्तर दिलं: रोटंडोन. तोच लव्हाळ्यातला रेणू! आणि आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या काळ्या मिऱ्यांच्या वासामागेही तोच निघाला. हजारो वर्षं जग मिरी खातंय, तिच्यासाठी समुद्र ओलांडतंय, आणि तिच्या वासातला हा मुख्य धागा सापडला तो वाइनच्या निमित्तानं. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

त्याहून विलक्षण आहे त्याचं प्रमाण. रेड वाइनच्या एका लिटरमध्ये ग्रॅमचे अब्जावे सोळा भाग असले, तरी नाकाला तो कळतो. म्हणजे एक ग्रॅम रोटंडोन सहा कोटी लिटर वाइनला पुरेल.

हे अनुभवायला महागडी बाटली लागत नाही. नाशिककडची पाच-सातशे रुपयांची शिराझ घ्या. आधी ती फ्रीजमध्ये ठेवून थोडी गार करा. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा. ती सोळा ते अठरा अंशांना खुलते आणि आपल्याकडे तिशीच्या उकाड्यात नाकात नुसती अल्कोहोलची वाफ शिरते. ग्लास तिसरा हिस्साच भरा. पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडा पाहा, जांभळट असेल तर वाइन कोवळी आहे. ग्लास गोल फिरवा आणि नाक आत घाला. आधी जांभळासारखं फळ येईल. त्यामागून, असलाच तर, नुकत्या कुटलेल्या मिऱ्यांचा वास. तिखटपणा मात्र शोधू नका, तो मिऱ्यांतल्या पिपरिन या वेगळ्या रेणूचा आणि त्याचा इथे संबंध नाही. रोटंडोन द्राक्षाच्या सालीत असतो आणि थंड हवेत जास्त साठतो, त्यामुळे प्रत्येक शिराझमध्ये तो सारखा भेटत नाही.

आता घोट. वाइनमधली टॅनिन ही तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ कच्चं केळं चावल्यासारखी खरखरीत होते. स्वस्त वाइनची खरी परीक्षा इथे आहे, असं माझं मत. हा तुरटपणा, आंबटपणा आणि फळ एकमेकांना सांभाळून घेतात का? घोट गिळल्यावर नाकानं श्वास सोडा. घशामागून वर चढणारा वास किती वेळ टिकतो, तेही बघा.

आणि मग आकडा द्यायची वेळ येते. इथे रोटंडोन पुन्हा आडवा येतो. त्याच ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं की साधारण पाचातल्या एकाला हा वास अजिबात येत नाही, प्रमाण कितीतरी पट वाढवलं तरीही. एकाच टेबलावर एकजण मिऱ्यांवर खूश होऊन वीसपैकी सोळा देतो, शेजारचा ‘सपक’ लिहून अकरा. दोघंही अगदी खरं बोलत असतात.

एकाच माणसाचं नाक तरी एका जागी राहतं का? कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन-स्पर्धेत वाइन बनवणारे रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देणारे परीक्षक निघाले दहा टक्क्यांच्या आसपास. हॉजसन यांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या प्रयोगात माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून नळीनं वाइन पाजली. पाच डॉलरची वाइन पंचेचाळीसची सांगितली, तेव्हा ती जास्त आवडली. एवढंच नाही, मेंदूतला सुखाची नोंद ठेवणारा भागही जास्त उजळला. म्हणजे ते लोक दिखावा करत नव्हते. त्यांना ती खरोखर अधिक रुचकर लागत होती.

म्हणूनच किंमत झाकली की स्वस्त वाइनचं नशीब उघडतं. कॅलिफोर्नियात तेव्हा दोन डॉलरला एक सेंट कमी अशा दरानं विकल्या जाणाऱ्या चार्ल्स शॉ या वाइनच्या २००२ च्या शिराझला २००४ मध्ये इंटरनॅशनल ईस्टर्न वाइन कॉम्पिटिशनमध्ये दुहेरी सुवर्णपदक मिळालं होतं.

घरी चाखताना बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा, ग्लास सगळे एकसारखे घ्या, आणि गुण लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही असं ठरवा. एक बाटली गुपचूप दोनदा फिरवा. शेजारी वाटीत ताजे कुटलेले मिरे ठेवा. मग कागद उघडताना गुणांच्या आधी एकमेकांना विचारा, मिरे कुणाकुणाला आले?