काळोखातली सबुरी

स्नूकर जन्मला आपल्याकडे, जबलपुरात. पण त्यातला मला सर्वांत धीराचा वाटतो तो वेल्सचा रे रिअर्डन. १९३२ साली ट्रेडेगर गावी जन्मलेला हा गडी १४ व्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरला. खेळासाठी हात जपायचे म्हणून तिथेही पांढरे हातमोजे घाली! १९५७ साली खाणीत दरड कोसळली आणि तो तीन तास ढिगाऱ्याखाली गाडला गेला. हलणे अशक्य, तेव्हा मनातल्या मनात भावाशी गोट्या खेळत त्याने धीर राखला.

पुढे तो पोलीस झाला, १९६७ साली धंदेवाईक खेळाडू बनला आणि १९७० ते १९७८ या काळात सहा वेळा जगज्जेता ठरला. शेवटच्या वेळी वय होते ४५! २०२४ साली तो निवर्तला. टेबलापाशी लागणारी सबुरी त्याने त्या काळोखातच कमावली असावी, असे मला वाटते.