चारठाण्याच्या हरभऱ्याचा भाव कॅनडात ठरतो का? समजून घ्या वाटाणा, आयात शुल्क आणि हमीभावाचे गणित

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव जुनी मंदिरे आणि बारवेसाठी ओळखले जाते. शेतकऱ्यांसाठी मात्र गावाची ओळख काळ्या जमिनीची आहे. सोयाबीन निघाले की त्याच रानात हरभरा पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रास होते आणि कट्टे जिंतूरच्या मोंढ्याकडे निघतात. त्या कट्ट्यांना काय भाव मिळणार, हे ठरवणाऱ्या गोष्टींमध्ये एक गोष्ट अर्ध्या जगापलीकडची आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात पिकणारा पिवळा वाटाणा.

चारठाण्यात सकाळचे सात वाजतात, तेव्हा सस्कॅचेवानमध्ये आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. तरीही दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचे नशीब एकाच आयात शुल्काला बांधलेले आहे. ते कसे?

वाटाण्याचा हरभऱ्याशी संबंध काय?

पिवळा वाटाणा हा हरभऱ्याचा स्वस्त पर्याय आहे. त्याची डाळ हरभऱ्याच्या डाळीसारखी दिसते, त्याचे पीठ बेसनात मिसळता येते. शेव, भजी, फरसाण करणाऱ्यांसाठी किलोमागे काही रुपयांचा फरकही मोठा असतो. बंदरावर स्वस्त वाटाणा उतरला की डाळ मिल आणि बेसन उद्योगाची हरभऱ्याची मागणी कमी होते. मग मोंढ्यात आडत्याकडे लागणारी बोली खाली येते. भाव पाडायला परदेशातून हरभराच यावा लागतो असे नाही, वाटाणा पुरेसा असतो.

२०२४-२५ मध्ये भारताने सुमारे ७३ लाख टन कडधान्य आयात केले. हा विक्रम होता. त्यात २० लाख टनांहून अधिक एकटा पिवळा वाटाणा होता. तो मुख्यतः कॅनडा आणि रशियातून आला.

शुल्क किती वेळा बदलले?

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क लावले. डिसेंबर २०१९ मध्ये किलोला २०० रुपये अशी किमान आयात किंमत ठरवली गेली. म्हणजे आयात जवळपास बंदच.

२०२३ मध्ये पाऊस कमी पडला, डाळी महागल्या. लोकसभा निवडणूक काही महिन्यांवर होती. ८ डिसेंबर २०२३ रोजी वाटाण्याची आयात शुल्कमुक्त झाली. ही सवलत काही महिन्यांसाठी होती, पण पुन्हा पुन्हा वाढत गेली. मे २०२५ मध्ये ती ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. नंतर निर्णय फिरला आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क लागू झाले. त्यात १० टक्के मूळ शुल्क आणि २० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर.

तोपर्यंत मराठवाड्यात रब्बीची पेरणी सुरू झाली होती. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने खरीप हातचा गेलेल्या शेतकऱ्याने बियाणे घेतले, तेव्हा शुल्क शून्य होते. पेरणी करताना ते ३० टक्के झाले. रास होईल तेव्हा किती असेल, हे पेरताना सांगता येत नाही.

भारत-कॅनडा वादात हा व्यापार थांबला नाही का?

नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी हरदीपसिंग निज्जर हत्या प्रकरणात भारतावर आरोप केले. भारताने ते फेटाळले. व्हिसा सेवा थांबल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे सहा-सहा राजनैतिक अधिकारी परत पाठवले. टीव्हीवर रोज चर्चा रंगत होती. पण याच काळात, वाद पेटल्यानंतर तीनच महिन्यांनी, वाटाणा शुल्कमुक्त झाला आणि जहाजे येत राहिली.

शहरातल्या डाळीचा भाव हा प्रश्न दोन्ही सरकारांच्या भांडणापेक्षा मोठा ठरला, असा याचा सरळ अर्थ.

मग कॅनडाचा शेतकरी फायद्यात आहे का?

तसेही नाही. कॅनडाने ऑक्टोबर २०२४ पासून चीनच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के जादा शुल्क लावले. हेतू होता ओंटारियोमधले वाहन उद्योग आणि तिथल्या नोकऱ्या वाचवण्याचा. चीनने २० मार्च २०२५ पासून उत्तर दिले. कॅनडाचे कॅनोला तेल, पेंड आणि वाटाणा यांवर १०० टक्के शुल्क बसले. गाड्या एका प्रांताच्या, फटका दुसऱ्या प्रांताच्या शेतकऱ्याला. चीनचे दार लोटले गेल्यावर त्या वाटाण्यासाठी भारताचे दार आणखी महत्त्वाचे झाले.

जमिनीची तुलना मात्र होऊच शकत नाही. सस्कॅचेवानमध्ये सरासरी शेत १,७०० एकरांहून मोठे आहे. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. तिकडे वाटाण्याला हमीभाव नाही, पण पीक विम्याच्या हप्त्यातला साधारण ६० टक्के भार तिथले केंद्र आणि प्रांत सरकार मिळून उचलते.

याच प्रांतात शेतकऱ्यांच्या सहकाराची मोठी परंपरा होती. शेतकरी आणि कामगारांच्या ज्या पक्षाने १९४४ मध्ये तिथे सत्ता मिळवली, त्याच्याच सरकारने १९६२ मध्ये सरकारी खर्चाने सर्वांना उपचार देणारी योजना आणली. पुढे ती देशभर गेली. गहू विकत घेणारे सरकारी मंडळ १९३५ पासून होते. त्याची एकाधिकार खरेदी २०१२ मध्ये संपली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे ओळखीचे वाटेल. १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदीही आज उरलेली नाही. दोन्हीकडे शेतकरी आता बाजारासमोर एकटा उभा आहे. फरक इतकाच, की एकाकडे १,७०० एकर आहेत आणि दुसऱ्याकडे सव्वातीन.

३० टक्के शुल्क पुरेसे आहे का?

एक सोपे गणित करू. समजा वाटाणा बंदरावर क्विंटलला ३,५०० रुपयांना पडला. त्यावर ३० टक्के म्हणजे १,०५० रुपये. एकूण ४,५५० रुपये. २०२६-२७ च्या विक्री हंगामासाठी हरभऱ्याचा हमीभाव आहे ५,८७५ रुपये. शुल्क लावूनही वाटाणा १,३०० रुपयांहून अधिक स्वस्तच राहतो.

आता हेच गणित गावात आणू. समजा तीन एकर हरभरा आहे आणि एकरी सहा क्विंटल उतारा आला. झाले १८ क्विंटल. मोंढ्यात हमीभावापेक्षा ६०० रुपये कमी मिळाले तर तोटा १०,८०० रुपयांचा. एवढ्या पैशांत पुढच्या खरिपाच्या बियाण्या-खताची बरीच सोय होते. नाही मिळाले तर ते उसने घ्यावे लागतात.

सरकार हमीभावाने खरेदी करते, मग अडचण कुठे?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने कडधान्य आत्मनिर्भरता अभियान सुरू केले. सहा वर्षांसाठी ११,४४० कोटी रुपये आणि २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य. यात तूर, उडीद आणि मसूर या तीन डाळींची नोंदणीकृत शेतकऱ्यांकडून १०० टक्के खरेदी करण्याची हमी चार वर्षांसाठी आहे.

या यादीत हरभरा नाही. त्याला नेहमीची, उत्पादनाच्या २५ टक्क्यांची मर्यादा लागू होते. म्हणजे ज्या पिकाला वाटाण्याचा सर्वाधिक फटका बसतो, तेच पीक पूर्ण खरेदीच्या हमीबाहेर आहे. शिवाय खरेदी केंद्र उशिरा उघडले, तर देणे डोक्यावर असलेला शेतकरी थांबू शकत नाही. तो मिळेल त्या भावाने माल घालतो.

डाळ स्वस्त व्हायलाच नको का?

व्हायला हवी. चारठाण्यातही प्रत्येकाकडे शेत नाही. रोजंदारीवर जाणारी, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे किराणा दुकानातूनच डाळ घेतात. गरिबाच्या ताटातली डाळ हाच अनेकदा प्रथिनांचा मुख्य आधार असतो. तूर डाळ महागली की वरण पातळ होते, हे शेतमजुराच्या घरात कोणी समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्न एवढाच आहे, की ही स्वस्ताई कोणाच्या खिशातून येते. आयात खुली केली तर ती शेतकऱ्याच्या खिशातून येते आणि अर्थसंकल्पात कुठे दिसतही नाही. दुसरा मार्ग आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्राने 'भारत डाळ' या नावाने सरकारी साठ्यातली हरभरा डाळ ६० रुपये किलोने विकली. हमीभावाने खरेदी आणि सवलतीत विक्री, असे केले तर फरक सरकारी तिजोरी भरते. तो खर्च आहे, पण तो सगळ्यांचा असतो. तीन एकरवाल्या एकट्याचा नसतो.

पुढे काय?

मार्च २०२५ मध्ये मार्क कार्नी कॅनडाचे पंतप्रधान झाले आणि संबंध सुधारू लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्ग येथे जी-२० परिषदेवेळी दोन्ही देशांनी सर्वंकष व्यापार करारासाठी वाटाघाटी सुरू करण्याचे ठरवले. २०३० पर्यंत व्यापार ५० अब्ज डॉलरवर नेण्याचे लक्ष्य आहे. भारतालाही कॅनडाची गरज आहे. १०:२६:२६ च्या पोत्यावरचा शेवटचा आकडा पोटॅशचा, आणि जगात सर्वाधिक पोटॅश कॅनडात निघते. भारत जवळपास सगळे पोटॅश आयात करतो.

या वाटाघाटीत कॅनडा कडधान्यांचा विषय काढणार, हे उघड आहे. त्या टेबलावर हरभरा उत्पादकांच्या बाजूने दोन साध्या मागण्या ठेवता येतील. वाटाण्याचे शुल्क पेरणीआधी जाहीर करावे आणि रास होऊन माल विकला जाईपर्यंत बदलू नये. आणि ते हमीभावाशी जोडावे, म्हणजे आयात माल हमीभावाखाली उतरणार नाही.

चारठाण्यात यंदाचा हरभरा पेरून झाला आहे. ही दोन उत्तरे पुढच्या पेरणीआधी मिळाली, तर कोणत्या रानात काय पेरायचे ते शेतकऱ्याला आधी ठरवता येईल.