अक्षरं मागे राहतात तेव्हा

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत दोन लिप्या एकत्र नांदतात. अशा घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आजोबांनी टाइप केलेला कुळवृत्तांत असतो, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला गुजराती अशी लग्नपत्रिका असते. हा ऐवज नव्या मशीनवर जाताना जे घडतं, ते मला आजही थक्क करतं.

जुनी हार्ड डिस्क काढून युएसबी अडॅप्टरला जोडतात. साडेतीन इंची असेल तर तिला वेगळा वीजपुरवठा लागतो. अनेक डिस्कमधली चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०! वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर, हवेच्या झिरझिरीत थरावर तरंगत चुंबकीय खुणांची दिशा ओळखत जातं. जुन्या चकतीवरचं काहीच उचललं जात नाही. त्या खुणांतून वाचलेल्या संख्याच नव्या जागी पुन्हा लिहिल्या जातात.

मग फाइल उघडावी, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच. कॉपी बिघडली असं वाटून जीव घाबरा होतो, पण बहुधा एक बिटही चुकलेला नसतो. युनिकोड ही प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत रुळण्यापूर्वीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवले होते. मजकुराच्या फाइलमध्ये फक्त क्रमांक. आकार वेगळ्या फॉन्ट फाइलमध्ये, आणि ती विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात मागेच राहिलेली. ती आणून बसवली की आजोबा पुन्हा वाचता येतात. म्हणून जुनी डिस्क पुसण्याची घाई करू नका, आधी एकेक फाइल उघडून बघा.

कायमचा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणं, आणि खरी गंमत तिथे आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, म्हणून जुने फॉन्ट ती आधी साठवत. युनिकोड उच्चाराप्रमाणे चालतो: आधी क, मग वेलांटी. ‘सूर्य’मधला रफार दिसतो य-च्या डोक्यावर, पण साठवला जातो य-च्या आधी. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला असं प्रत्येक चिन्ह कानाच्या क्रमानं लावावं लागतं.

लग्नपत्रिकेची दुसरी बाजू तर याहून विलक्षण. १९८८च्या इस्की या भारतीय मानकात प्रमुख भारतीय लिप्यांची मांडणी समांतर होती. युनिकोडनं ती तशीच घेतली. मराठी क-चा क्रमांक २३२५, गुजराती क-चा २७०९. मराठी ळ २३५५, गुजराती ळ २७३९. दोन्हीकडे अंतर ३८४, आणि दोन्ही लिप्यांत असलेल्या बाकीच्या अक्षरांनाही तेच. ‘गायकवाड’ लिहा, प्रत्येक क्रमांकात ३८४ मिळवा, की पत्रिकेच्या गुजराती बाजूवरचं आडनाव तयार.