जखम भरली, मग हात का आखडला?

आम्ही भाजलेल्यांच्या वॉर्डात ड्यूटी करायचो तेव्हाची गोष्ट. सात वर्षांची एक मुलगी होती. उकळतं पाणी सांडून तिची काख आणि कोपर भाजलं होतं. दुखतं म्हणून ती हात छातीशी दुमडून झोपायची. कातडी धरली, ड्रेसिंग बंद झालं, सुट्टी मिळाली. चार महिन्यांनी आई तिला परत घेऊन आली, तेव्हा हात सरळ होत नव्हता. आई म्हणाली, "सिस्टर, जखम तर भरली होती ना?" भरली होती. पण पुढे काय होतं ते आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. तेच आज सांगतो.

आपल्या कातडीच्या खालच्या थरात कोलॅजन नावाचे चिवट धागे असतात आणि ते धागे तयार करणाऱ्या पेशी असतात. या पेशींना डोळे नसतात. कणीक मऊ भिजली की घट्ट, हे आपण बोटाने दाबून ओळखतो; पेशी भोवतालचा धागा धरून, ओढून ओळखतात. धागा सहज हलला तर त्या शांत बसतात. ताठ लागला तर त्याही जोर लावतात.

1971 साली जिनेव्हाचे शास्त्रज्ञ ज्युलिओ गाब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरत आलेल्या जखमेतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. धागे तयार करणाऱ्या पेशी तिथे अर्ध्या स्नायूसारख्या झाल्या होत्या. म्हणजे त्या आकसू शकत होत्या. जखमेच्या कडा जवळ येतात त्या यांच्याच ओढीने. हे चांगलंच आहे. जखम मिटली की या पेशी आपोआप मरतात आणि काम थांबतं.

खोल भाजलेल्या जागी मात्र त्या लवकर जात नाहीत. त्या ओढतात, नवे धागे घालतात, त्याने जागा अजून कडक होते. कडकपणा जाणवला की त्या आणखी जोराने ओढतात. असं हे चक्र. वरून जखम सुकलेली दिसते, आत ओढाताण चालूच असते. वण नरम पडायला वर्ष-दीड वर्षही लागतं. तेवढ्या काळात सांधा दुमडलेला राहिला, तर तो तसाच आखडतो.

म्हणून लक्षात ठेवा: ज्या स्थितीत आराम वाटतो, त्याच स्थितीत सांधा आखडतो.

मान भाजली असेल तर उशी देऊ नका. काख भाजली असेल तर हात अंगापासून लांब ठेवा. कोपर आणि गुडघा सरळ ठेवा. डॉक्टरांनी स्प्लिंट दिलं असेल तर रात्रीही काढू नका. पेशी ओढतात, पण सांधा धरून ठेवलेला असला की त्यांचं चालत नाही. व्यायाम रोज, हळूहळू ताण देत. झटका देऊ नका. वण फाटला तर नवी जखम होते आणि तेच काम पहिल्यापासून सुरू होतं. जखम पूर्ण मिटल्यावर खोबरेल तेलाने वण चोळा. घट्ट बसणारे प्रेशर गारमेंट सांगितले असतील तर अंघोळ सोडून जवळजवळ दिवसभर घालायचे असतात. परवडत नसतील तर सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

आणि भाजल्याबरोबर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. जखम जितकी कमी खोल, तितकी पुढची ओढाताण कमी.

त्या मुलीचं पुढे ऑपरेशन झालं, हात बराच सुटला. पण ते टळलं असतं. सुट्टीच्या कागदावर सही करण्याआधी तुम्ही एवढंच विचारा: "सिस्टर, व्यायाम कोणता आणि किती महिने?" उत्तर मिळेपर्यंत उठू नका.