होल नेमकं कुठे? एका मोटर ब्रॅकेटवरून समजून घेऊ

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हा मजकूर. सूर बोलण्याचाच ठेवलाय. आकडे मात्र नीट लिहून दिलेत, कारण गाडीवरून जाताना कानात ऐकलेलं ४७.१४ घरी पोचेपर्यंत ४१.७४ होतं.

मी घोटावड्यातून बोलतोय. घोटावडे फाटा, पिरंगुट या पट्ट्यात छोटी-मोठी वर्कशॉप्स आहेत. तिथे एक वाक्य कानावर पडतंच: ‘होल शिफ्ट झालंय.’ होल लहान पडलं तर मोठं करता येतं. जागा चुकली की वेल्डिंग भरून पुन्हा मारा, नाहीतर जॉब भंगारात. आणि शिव्या खातो मशीनवरचा ऑपरेटर. पण बऱ्याचदा चूक त्याच्या आधीच, कॅडच्या स्केचमध्ये होऊन बसलेली असते.

आजचं उदाहरण आहे नेमा २३ स्टेपर मोटरचं. घरगुती सीएनसी राऊटर बनवणाऱ्यांना ही ओळखीची. तिच्या तोंडावर मधोमध ३८.१ मिमी व्यासाचा गोल उंचवटा असतो आणि चार कोपऱ्यांत चार होल. शेजारच्या दोन होलमधलं अंतर ४७.१४ मिमी. कर्णाने मोजलं तर ६६.६७, म्हणजेच पीसीडी. आपल्याला हिच्यासाठी ८० बाय ८० ची प्लेट करायची आहे. मध्ये उंचवट्यासाठी बोअर, भोवती चार होल.

नवीन मुलं काय करतात? प्लेटचा डावीकडचा खालचा कोपरा शून्य धरतात आणि कॅल्क्युलेटर काढतात. मध्य ४० वर, ४७.१४ चे अर्धे २३.५७, म्हणजे होल १६.४३ वर आणि ६३.५७ वर. चारही जागा टाईप केल्या, होल पडले, मॉडेल झकास दिसतं. उत्तर बरोबरही आहे. आजपुरतं.

उद्या कळतं की प्लेट ८२ ची हवी. तुम्ही ८० चे ८२ करता. बोअर प्लेटच्या मध्याला बांधलेलं असेल तर ते ४१ वर सरकतं. होल जागचे हलत नाहीत, कारण त्यांना बोअर माहीतच नाही, ते कोपऱ्याला चिकटलेत. झाला दोन्ही दिशांना १ मिमीचा फरक, तिरका मोजला तर १.४१. स्क्रीनवर हा फरक डोळ्याला दिसत नाही. एम ५ बोल्टसाठी आपण साधारण ५.५ चं होल ठेवतो, म्हणजे बोल्टभोवती प्रत्येक बाजूला जेमतेम पाव मिलिमीटर मोकळीक. मोटर बोअरमध्ये बसेल आणि बोल्ट एकही जाणार नाही.

म्हणून होल काढण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हे होल कुणाशी जुळायला हवंय? प्लेटच्या कडेशी मोटरचं काही देणंघेणं नाही. तिचं नातं बोअरच्या केंद्राशी आहे. मग स्केचमध्ये तेच नातं काढायचं.

स्केचचा ओरिजिन म्हणजे बोअरचं केंद्र. त्याच्याभोवती एक चौकोन, पण कन्स्ट्रक्शन लाईनचा, म्हणजे मदतीपुरता. त्यातून धातू बनत नाही. या चौकोनाचे चार कोपरे हीच होलची केंद्रं. आता गंमत बघा. प्रतलावरच्या प्रत्येक बिंदूला हलायला दोन दिशा, चार बिंदूंच्या मिळून आठ. चौकोनाच्या दोन बाजू आडव्या, दोन उभ्या ठरवल्या की चार गेल्या. चौकोनाचा मध्य ओरिजिनवर बांधला, आणखी दोन गेल्या. लांबी-रुंदी समान म्हटलं, एक गेली. उरली एक, तिथे ४७.१४ लिहायचं. आठ अज्ञातं आणि हाताने टाईप केलेला आकडा फक्त एक! प्लेटची बाहेरची कडही ओरिजिनभोवती सिमेट्रिक ठेवा, मग ८२ काय नि १०० काय, होल बोअरला सोडून जात नाहीत.

स्केच पूर्ण बांधलं गेलं की सॉलिडवर्क्समध्ये रेषा निळ्याच्या काळ्या होतात, फ्रीकॅडमध्ये हिरव्या. रंग बदलला नसेल तर कोपरा माऊसने ओढून बघा. हलला तर काहीतरी बांधायचं राहिलंय. नजरेने ‘बसलंय की’ म्हणणं इथे चालत नाही.

यानंतर होल कमांड. सॉलिडवर्क्सच्या होल विझार्डमध्ये पोझिशनला गेल्यावर पॉईंट या कोपऱ्यांवर टेकवायचे. फ्रीकॅडमध्ये कोपऱ्यांवर वर्तुळं काढायची. होल टूल त्यांचं फक्त केंद्र घेतं, व्यास होलच्या खिडकीतून ठरतो. त्यामुळे स्केचमधलं वर्तुळ केवढं दिसतं यावर डोकं खपवू नका. लॅपटॉप नसेल तर ऑनशेप फोनवरही चालतं. बोट जाडं पडतं, पण शिकायला पुरतं.

आता कागदावरच्या ड्रॉइंगचं. मॉडेल केंद्रातून आणि ड्रॉइंगवर मापं कडेपासून, असं केलंत तर सगळी मेहनत वाया. प्लेटची कड बँडसॉने कापलेली असू शकते. ऑपरेटरने एज फाइंडर लावून त्या कडेवरून शून्य घेतला, तर कडेचा वाकडेपणा होलमध्ये उतरतो. मापं बोअरच्या केंद्रातून द्या, आणि बोअर व चार होल एकाच सेटिंगमध्ये करायला सांगा. जॉब एकदा सोडून पुन्हा बांधला की फरक आलाच.

जॉब हातात आला की तपासणीला साधा व्हर्नियर पुरतो. होलचं केंद्र पकडता येत नाही, मग दोन होलच्या आतल्या कडांमधलं अंतर घ्या, बाहेरच्या कडांमधलं घ्या, बेरीज करून निम्मं करा. ४१.६४ आणि ५२.६४ आलं तर निम्मं ४७.१४. दोन्ही होलचे व्यास वेगळे असले तरी हे चालतं. चारही बाजू मोजून थांबू नका, दोन्ही कर्णही घ्या. बाजू बरोबर आणि एक कर्ण मोठा, दुसरा लहान आला, तर चौकोन तिरका झालाय. तो जॉब मोटरवर लावून बघायची गरज नाही.