छातीतली कळ : कधी धावायचे, कधी थांबायचे

या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्यातले पाचट यांविषयी लिहितो. हृदयविकार हा काही आमचा प्रांत नव्हे. परंतु गटागटांतून फिरताना ऊस बिलापोटी अॅडव्हान्स मागणाऱ्या अर्जांत ‘अँजिओप्लास्टीसाठी’ हे कारण वरचेवर वाचायला मिळते. दुसरीकडे, रात्री छातीत दुखले म्हणून सोडा पिऊन झोपलेला माणूस सकाळी उठलाच नाही, असेही ऐकावे लागते. या दोन्ही बाबतींत जगात मोठमोठे प्रयोग झालेले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष आपल्याकडच्या वहिवाटीच्या नेमके उलट आहेत. जिथे घाई हवी तिथे आपण ‘पित्त झालं असंल, बघू सकाळी’ म्हणतो, आणि जिथे चार दिवस विचार करायला सवड असते तिथे घाईघाईने एकर विकून मोकळे होतो.

प्रयोग म्हणजे काय, हे ऊस उत्पादकाला समजावून सांगण्याची गरज नाही. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची नवी जात आली की तिच्या शेजारी जुन्या जातीचा वाफा असतो, आणि कोणता वाफा कोणाला द्यायचा हे चिठ्ठी टाकून ठरते. नाहीतर चांगली जमीन नव्या जातीला देऊन ‘उतारा वाढला’ म्हणणारे पुष्कळ निघतील. चिठ्ठीची ही रीत इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात बसवली. पुढे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीनची परीक्षा तशाच पद्धतीने झाली. म्हणजे ही रीत शेतातून दवाखान्यात गेली. आमच्यासारख्या कृषी पदविकावाल्यांना हे लिहिताना थोडे बरे वाटते, ते वाचकांनी चालवून घ्यावे.

आता मूळ मुद्दा. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या ठिबकच्या नळीसारख्या आतून वर्षानुवर्षे भरत येतात. क्षाराच्या जागी तिथे चरबीचा थर असतो. त्या थराला एखाद्या दिवशी चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि नळी एकदम बंद होते. हाच झटका. त्या नळीवरचा स्नायू तत्काळ मरत नाही, तो तासातासाने मरत जातो. म्हणून पहिल्या काही तासांत जे होईल त्यावर सारे अवलंबून.

इटलीतील डॉक्टरांनी ११,८०६ रुग्णांवर ही गोष्ट तपासली. निम्म्यांना गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज हे इंजेक्शन दिले, निम्म्यांना नाही. ‘गिसी’ नावाच्या या प्रयोगाचा निकाल १९८६ साली आला. दुखणे सुरू झाल्यापासून तासाच्या आत इंजेक्शन मिळाले त्यांच्यातले मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले होते. उशीर होईल तसा फायदा घटत गेला आणि ६ तासांनंतर तो दिसेनासा झाला. (पुढच्या प्रयोगांत १२ तासांपर्यंत थोडाफार फायदा आढळला.) १९८८ च्या ‘आयसिस-२’ या प्रयोगात १७,१८७ रुग्ण होते. त्यात साध्या अॅस्पिरिनचीही परीक्षा झाली. दोन्हींपैकी काहीच न मिळालेल्या शंभरांत पाच आठवड्यांत सुमारे १३ दगावले, दोन्ही मिळालेल्यांत ८. अॅस्पिरिनची गोळी काही पैशांची होती, हे लक्षात घ्यावे.

आपल्या देशाचे काय? ‘क्रिएट’ या भारतीय पाहणीत ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत आलेल्या २०,९३७ रुग्णांची नोंद झाली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. पूर्ण झटका आलेल्या रुग्णाला दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोचायला साधारण ३०० मिनिटे लागत होती. पाच तास! फडापासून रस्ता आणि रस्त्यापासून गाव अशी आपली अंतरे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे पाच तास कुठे जातात ते कळेल. त्याच पाहणीत ३० दिवसांत दगावण्याचे प्रमाण गरिबांत शंभरी ८.२ आणि श्रीमंतांत ५.५ होते. गरिबांना उपचारच कमी मिळत होते.

आम्ही फडात गेलो की कोयत्यावरच्या माणसांशी बोलणे होते. ‘छातीत गच्च झाल्यावानी वाटायलंय, पण खाडा पडंल साहेब,’ असे एखादा म्हणतो आणि मोळी बांधायला वाकतो. वय विचारावे तर पंचेचाळीसच्या आत. हे वय कमी नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतर देशांपेक्षा सुमारे सहा वर्षे अगोदर. विडी-सिगारेट तर आहेच, पण चघळायच्या तंबाखूनेही धोका वाढतो, असे त्याच अभ्यासात दिसले. मुकादम मंडळींनी हे मनावर घ्यावे.

तेव्हा छातीच्या मधोमध दाबल्यासारखे दुखणे, ते जबड्यात, खांद्यात वा डाव्या हातात जाणे, दरदरून घाम, हे दहा-पंधरा मिनिटांत थांबले नाही तर १०८ ला फोन करावा. बायांमध्ये, म्हाताऱ्या माणसांत आणि साखरेच्या रुग्णांत कळ नसतेही. नुसता दम लागतो, घाम येतो, हातपाय गळतात. अॅस्पिरिन चावून घ्यावी का, हे फोनवर वा डॉक्टरांना विचारावे, कारण काहींना ती चालत नाही. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये, तिने रक्तदाब एकदम खाली जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘मोठ्या डॉक्टरकडंच नेऊ’ म्हणून थेट संभाजीनगरची वाट धरू नये. बीडपासून ते सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे. आधी जवळच्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढावा. अंबाजोगाई जवळ असेल त्यांना स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहेच. दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्याजोगी नसेल, तर गुठळीचे इंजेक्शन आधी द्यावे आणि मग पुढे हलवावे, हे आज सर्वमान्य आहे. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना ते देता येत नाही. पहिला ईसीजी चांगला आला आणि दुखणे चालूच असेल तर तो पुन्हा काढायला सांगावे.

आता दुसरी बाजू. चढावर वा पाण्याची घागर उचलताना छातीत दुखते, थांबले की पाच मिनिटांत जाते, आणि असे कित्येक महिने चालले आहे. या दुखण्यात अँजिओग्राफीत ‘७० टक्के ब्लॉक’ निघाला की घरात रडारड होते आणि ‘आजच स्टेंट टाका’ असे ठरते. इथे प्रयोग वेगळे सांगतात. अमेरिका-कॅनडातील २,२८७ रुग्णांचा ‘करेज’ (२००७) आणि भारतासह ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांचा ‘इस्केमिया’ (२०२०), या दोन्हींत स्टेंट वा बायपासने, नेमाने औषधे घेणाऱ्यांच्या तुलनेत, झटके वा मृत्यू कमी झाले नाहीत. कळ मात्र जास्त कमी झाली, हे खरे, आणि ज्याला कळेमुळे कामच करता येत नाही त्याला त्याचे मोल आहे. असे का झाले असावे? पाटाचा भराव फुटतो तो अरुंद जागीच फुटतो असे नाही, खेकड्याने पोखरला तिथे फुटतो. झटकाही पुष्कळदा लहान पण कच्च्या थरातून येतो. स्टेंट एका जागेला पुरतो. अॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाब व साखरेचा ताबा, तंबाखू बंद, हे सगळ्या नळीला पुरते. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असेल किंवा हृदय अशक्त झाले असेल तर हा हिशेब लागू नाही. तेव्हा ‘मुख्य वाहिनी मोकळी आहे का, हृदयाची ताकद किती,’ हे दोन प्रश्न विचारावेत. गरज वाटल्यास दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवावेत.

या दोन प्रकारांच्या मधला एक प्रकार आहे आणि तो फसवा आहे. दुखणे नवेच सुरू झाले, किंवा आठवड्यागणिक वाढले, कमी चालण्याने येऊ लागले, बसल्या जागी येऊ लागले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी अशा रुग्णांवर बारीक लक्ष ठेवून १९६१ साली अमेरिकेतील ‘सर्क्युलेशन’ नियतकालिकात लिहिले की ही साध्या कळेच्या आणि झटक्याच्या मधली अवस्था आहे. सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण १९४९ साली जगापुढे मांडणारे ते हेच वकील. त्यासाठी त्यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. मधल्या अवस्थेतल्या माणसाला ‘जुनंच दुखणं हाय’ म्हणून घरी ठेवू नये. त्याच दिवशी दाखवावे.

खर्चाविषयी. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी तीच वस्तू लाखाच्या वर जात असे. ही मर्यादा पुढे वेळोवेळी बदलत असते, म्हणून बिलावर स्टेंटची किंमत वेगळी लिहून मागावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी व बायपास दोन्ही बसतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते, तिथे शिधापत्रिका व आधार कार्ड दाखवावे. तोडीला परजिल्ह्यात जाणाऱ्या टोळ्यांनी ही दोन कागदपत्रे गावी पेटीत ठेवू नयेत, सोबत न्यावीत. कर्नाटकात जाणाऱ्या टोळीच्या मुकादमाने अड्ड्यावर उतरल्याच्या दिवशीच जवळचे सरकारी रुग्णालय कुठे आहे ते विचारून घ्यावे. १०८ क्रमांक तिकडेही लागतो.