आमरीच्या बाळांचा हिवाळा

डिसेंबरात पुण्याचा पारा पहाटे दहा-बारा अंशांवर उतरतो आणि दुपारी ओठ फुटतील अशी कोरडी हवा सुटते. आपण स्वेटर काढतो, कोकमतेल शोधतो. खिडकीत ठेवलेल्या आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, बोटभर रोपांचं काय करायचं ते मात्र सुचत नाही. मला पहिल्या वर्षी सुचलं ते चुकीचं होतं. हवा कोरडी आहे म्हणून रोज संध्याकाळी पाणी फवारत गेलो आणि संक्रांतीपर्यंत डेंड्रोबियमची निम्मी रोपं बुडाशी काळी पडून गेली.

या रोपांचा नाजूकपणा बियांपासूनचा. हरभऱ्याच्या दाण्यात कोंबाची शिदोरी बांधलेली असते. आमरीचं बी धुळीएवढं, एकेका बोंडात लाखांनी, आणि शिदोरी जवळपास शून्य. रानात एखादी बुरशी त्यात शिरून त्याला अन्न पुरवते, तेव्हाच ते रुजतं. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी हे नातं १८९९ मध्ये ओळखलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतल्या लुईस नुडसन यांनी दाखवून दिलं, की बुरशीऐवजी बाटलीतल्या साखर घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावरही, बी रुजतं. आज आपल्याला बाटलीतली रोपं मिळतात ती या शोधामुळे.

पण बाटलीतलं बाळ लाडावलेलं असतं. आत हवा कायम दमट, त्यामुळे पानावरचा मेणचट थर पातळ राहतो आणि पर्णरंध्रांना नीट मिटायची सवय नसते. ते कोरड्या हवेत आलं की पानांतून पाणी निसटत राहतं. म्हणजे पानांना ओलावा हवा, पण मुळांशी पाणी साचलं तर कुजवणारी बुरशी टपलेलीच. हिवाळ्यातली सगळी कसरत एवढीच.

मुळाकडे जरा जवळून पाहा. कोरडं असताना ते चंदेरी पांढरं दिसतं. त्यावर मेलेल्या पेशींचं स्पंजसारखं आवरण असतं आणि पेशींत हवा भरलेली असते. पाण्याचा थेंब सोडा. काही क्षणांत आवरण पाणी पितं, पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. पाणी कधी द्यायचं ते हा रंगच सांगतो: चंदेरी झालं की द्या, हिरवं असेल तर थांबा.

आणि द्यायचं ते सकाळी. संध्याकाळचं पाणी रात्रभर वाळत नाही. शिवाय बाष्पीभवनामुळे कुंडीत मातीऐवजी भरलेला ओला कोळसा किंवा नारळाचं सोडण भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं. मुळांना बसतो तो हा गारठा. गच्चीच्या टाकीतलं पाणी तर पहाटे बर्फासारखं असतं; ते आदल्या रात्रीच घरात भरून ठेवावं. कोंबात थेंब अडकला तर कापसाने टिपून घ्यावा. ओलाव्यासाठी परातीत खडी पसरून पाणी घालावं आणि कुंड्या खडीवर ठेवाव्यात, पाण्यात नव्हे.

खिडकीचंही पाहावं लागतं. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत घुसतं आणि काचेजवळची कोवळी पानं भाजतात. पूर्वेची खिडकी बरी.

थंडीत आमरीला विश्रांती द्यावी, पाणी तोडावं, असा सल्ला सर्रास मिळतो. मोठ्या झाडांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. सह्याद्रीत झाडावर वाढणारी सीतेची वेणी जाड पानं आणि दोरीसारख्या मुळांवर कोरडे महिने काढते. कित्येक डेंड्रोबियम खोडांत साठा करून ठेवतात. रोपाकडे असा साठाच नसतो. त्याला बेताचं पाणी आणि अगदी पातळ केलेलं खत थंडीतही चालू ठेवावं लागतं.

तुमच्याकडे रोपांची बंद बाटली आत्ताच आली असेल, तर ती उघडायची घाई करू नका. आतली रोपं निरोगी असतील तर उन्हापासून दूर, उजेडात तशीच ठेवा आणि थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी उघडा.